आवडाबाईंनी ठेवलेली नावं

"हनुवटीला खड्डा असलेला... अहो, तो! नाव अगदी ओठांवर आहे माझ्या," सुदेश परब म्हणाले आणि त्यांनी तीन बोटांनी स्वतःच्याच कपाळावर टकटक केली.

क्लबहाउसच्या पांढऱ्या पडद्यावर एका गोऱ्या नटाचा चेहरा येऊन थांबला होता. समोर खुर्च्यांवर सात-आठ म्हातारी माणसं. रविवारचे सकाळचे अकरा वाजले होते. ठाण्याजवळच्या बाळकुममधल्या या उंच इमारतींच्या संकुलात परबांनी दोन वर्षांपूर्वी जुन्या इंग्रजी सिनेमांची ही बैठक सुरू केली होती. दर रविवारी एका नटाचा किंवा नटीचा फोटो लावायचा, ज्याला जे आठवेल ते त्याने सांगायचं आणि चहा पिऊन घरी जायचं. परब एका कारखान्याच्या ड्रॉइंग ऑफिसातून निवृत्त झालेले. सगुणाताई केळुसकर डोंबिवलीच्या, तिथल्याच शाळेत इंग्रजी शिकवायच्या. गुडघे दुखत असतानाही त्या एवढ्या लांबून यायच्या, कारण घरी त्यांच्याशी या विषयावर बोलणारं कुणी उरलं नव्हतं.

"बर्ट लँकेस्टर," सगुणाताई म्हणाल्या.

"नाही हो. लँकेस्टर म्हणजे दात. हा दुसरा."

"मग रॉबर्ट... रॉबर्ट कोण तो?"

"खलीवाला," मागून आवाज आला.

सगळ्यांनी माना वळवल्या. दाराजवळच्या शेवटच्या खुर्चीवर आवडाबाई भोईर बसल्या होत्या. अकराव्या मजल्यावरच्या नयनशेठ भोईरांच्या आई. वय पंच्याहत्तरच्या आसपास, अंगावर हिरवं लुगडं, हातात कोपरापर्यंत गोंदण. त्या या बैठकीच्या कुणी नव्हत्या. घरात झुरळांचं औषध मारायला माणसं आली होती, म्हणून सुनेने, दर्शनाने, "आई, दोन तास खाली एसीत बसा, वास नको नाकात जायला," असं म्हणून त्यांना इथे आणून बसवलं होतं.

"तुम्ही ओळखता याला?" परबांनी विचारलं.

"नाव मना काय ठावं? हनवटीला खली हाय ना, तं मी आपली खलीवाला म्हनाची." आवडाबाई जरा संकोचल्या, पण बोलायला लागल्या होत्या. "तुमी म्हनता त्यो दातवाला नि यो एकदा संगती व्हते. घोऱ्यांच्या शिनेमात. दातवाला पोलीस. याला खोकला व्हता, पन दारू काय सोरीना मेला."

परब खुर्चीवरून उठलेच. "कर्क डग्लस! अहो, कर्क डग्लस! सगुणाताई, बरोबर सांगतायत त्या. खोकला! खोकलाच होता!"

खोलीत एकदम हसू फुटलं. परबांनी घाईघाईने लॅपटॉपवर दुसरे फोटो शोधले. आता त्यांना वेगळीच हुक्की आली होती. पडद्यावर ऑड्रे हेपबर्न आली.

"बगली," आवडाबाई म्हणाल्या. "मान बगा ना तिची. मिठागरात सकालची बगली उभी ऱ्हाते ना, तशी."

ग्रेगरी पेक आला. "यो ढांग्या. गुनाचा मानूस. याला कवा वंगाल वागताना मी नाय बगला."

मग अँथनी क्विन आला आणि आवडाबाई पुढे सरकून बसल्या. "यो तं आपला मानूस."

"आपला म्हणजे?"

"आपला म्हंजे आपला. आगऱ्यांतला. माझा मोठा भाव राघो डिक्टो असा. मी घरी जाऊन सांगलावता त्याला, राघोदादा, तू शिनेमात हायेस. तं म्हनतो कसा, पैसं कुटं हायेत मग?"

सगुणाताईंना हसताना ठसका लागला. पदराने डोळे टिपत त्या म्हणाल्या, "बाई, मी चाळीस वर्षं मुलांना सांगत आले, हा नट कुठल्याही देशाचा माणूस वाटतो. बाळकुमचाही वाटतो, हे आज कळलं."

चहा आला. परबांनी आवडाबाईंची खुर्ची स्वतः उचलून पुढच्या रांगेत आणून ठेवली आणि विचारलं, "पण तुम्ही हे सगळे सिनेमे पाहिलेत कुठे?"

यावर आवडाबाईंनी जे सांगितलं, ते त्यांनी आजवर कुणालाच सांगितलं नव्हतं. सांगण्यासारखं काही आहे असं त्यांना वाटलंच नव्हतं.

त्यांचं लग्न झालं तेव्हा बाळकुममध्ये भोईरांची भातशेती होती आणि थोडा भाजीचा तुकडा. भावकीत जमीन अडकलेली, म्हणून नवरा गोपीनाथ ठाण्यात टॉकीजवर नोकरीला लागला. सासू पहाटे भाजीची पाटी आवडाबाईंच्या डोक्यावर द्यायची. चालत बाजारात जायचं, भाजी विकायची, दहा-साडेदहाला पाटी रिकामी झाली की नवऱ्याची भाकरी घेऊन टॉकीजला. रविवारी सकाळच्या खेळाला तिथे जुने इंग्रजी सिनेमे लागायचे. पहिल्यांदा भाकरी देऊन त्या निघाल्या, तर बाहेर ऊन मी म्हणत होतं. गोपीनाथ म्हणाला, "बस जरा पायरीवर. आत गार हाय."

"मी पायरीवं बसली. पाटी मांडीवं घेतली. समोर बगते तं एवऱ्या मोठ्या बाईच्या डोल्यांतून पानी. इंग्रजीत काय बोलं, देव जाने. पन रडनाऱ्या बाईचा समजाया इंग्रजी कशाला पायजे? मी पन रडली. मंग दर रविवारी बसाची."

"किती वर्षं?"

"नयन झाला तवर. नयन झाल्यावं पन, त्याला पाटीत निजवून." त्या थांबल्या. मग परबांकडे वळून त्यांनी हलक्या आवाजात विचारलं, "भाव, त्यो खोकनारा शेवटाला मेला का?"

"म्हणजे? तुम्ही पाहिलाय ना?"

"शेवट कवा बगाचा? धा मिंटं ऱ्हायली का मॅनेजरसाहेब हापिसातून भायेर येत. मंग आमचे हे माझ्या पायावं ब्याटरीचा उजेड मारीत. उजेड पडला का मी पाटी उचलून भायेर. एक पन शिनेमा मी सगला बगला नाय. शेवट माजे मीच लावाची. त्यो खोकून खोकून मेला, असाच मी धरलावता."

"नाही मेला," परब म्हणाले.

"खरा?"

"शपथ."

आवडाबाईंनी हातातला कप खाली ठेवला. "पंचावन्न वर्सं मी त्याला मेला समजते!"

तेवढ्यात परबांना काहीतरी आठवलं. "पण आवडाबाई, तुमचे मिस्टर तर टॉकीजच्या मॅनेजमेंटला होते ना? नवरात्राच्या आपल्या सोसायटीच्या पुस्तिकेत नयनशेठनी छापलं होतं. चित्रपट व्यवसायातलं जुनं नाव, असं."

"कनची मॅनेजमेंट?" आवडाबाईंना प्रश्नाचं नवल वाटलं. "ते दारावं व्हते. तिकिटं फारायचे नि ब्याटरी दावून लोकांना बसवायचे. बावीस वर्सं."

परबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"त्या टॉकीजला मी दर रविवारी जायचो," ते म्हणाले. "कॉलेजपासून. आठ-दहा वर्षं तरी. म्हणजे दर रविवारी मी त्यांच्या हातात तिकीट दिलंय. आवडाबाई, मला पडद्यावरच्या या सगळ्या नटांच्या चष्म्यांच्या काड्यासुद्धा आठवतात. पण तुमच्या मिस्टरांचा चेहरा आठवत नाही. आठवायचा प्रयत्न करतोय, पण नाहीच आठवत."

त्यांचा आवाज इतका उतरला, की आवडाबाईंनाच त्यांची दया आली.

"कालोखात कोन कोनाला बगतंय, भाव? तुमी पडद्याकडं बगायला आलेले. तुमी नीट बसलाव, म्हंजे त्यांचा काम झाला."

पुढच्या रविवारी औषध मारायला कुणी आलं नव्हतं, तरी आवडाबाई खाली आल्या. परबांनी शब्द दिल्याप्रमाणे त्या घोड्यांच्या सिनेमाची शेवटची पंधरा मिनिटं लावली. गोळ्या सुटल्या, माणसं पडली, धूर झाला. आवडाबाई खुर्चीच्या कडेवर बसून, मूठ तोंडाशी धरून बघत होत्या. खोकणारा माणूस शेवटी दोन पायांवर उभा राहिला, तेव्हा त्यांनी सगुणाताईंच्या मांडीवर जोरात थाप मारली. "जिता हाय गो!"

दुपारी जेवताना त्या नातीला, कृतिकाला, म्हणाल्या, "त्यो मेला नाय."

"कोण, आजी?"

"हाय एक," असं म्हणून त्या भाताला आमटी घ्यायला लागल्या. त्या दिवशी त्यांनी एक घास जास्त खाल्ला, हे दर्शनाच्या लक्षात आलं.

पण त्या पहिल्या रविवारी कुणीतरी मोबाइलवर त्यांचं बोलणं टिपलं होतं. खलीवाला, बगली, आपला माणूस, सगळं. ते सोसायटीच्या ग्रुपवर आलं, तिथून बाळकुमच्या गाववाल्यांच्या ग्रुपवर गेलं. लोकांना ते फार आवडलं. हसून हसून पाठवत होते. पण त्यातच 'तिकिटं फारायचे नि ब्याटरी दावायचे' हेही होतं.

मग एका संध्याकाळी नयन घरी आला तो तसाच सोफ्यावर बसला. बावन्न वर्षांचा, सोसायटीच्या कमिटीचा अध्यक्ष. जमिनीवर इमारती आल्यापासून लोक त्याला नयनशेठ म्हणायचे, आणि टेंभी नाक्यावर नवरात्रात त्याच्या फोटोचा बॅनर लागायचा. वाईट माणूस नव्हता. आईच्या गुडघ्यांसाठी त्याने तिच्या न्हाणीघरात दोन-दोन दांडे बसवून घेतले होते.

"आई, काय गरज होती तुला?" तो म्हणाला. "आज ऑफिसात तो बिल्डर मला हसत हसत म्हणतो, नयनशेठ, जरा बॅटरी मारा ना, मागची सीट दिसत नाय. चार लोकांसमोर."

"मंग तू काय बोललास?"

"काय बोलणार? हसलो."

"मी खोटा बोलली का?"

"खोटं नाय गं. पण सगळंच सांगायचं असतं का? मी छापून घेतलंय ना पुस्तिकेत. माझी काय इज्जत राहिली आता?"

"तुला बापाची लाज वाटते, नयन?"

दर्शना स्वयंपाकघराच्या दारात आली होती, ती तिथेच थांबली. नयनने मोबाइल पालथा ठेवला. मग बोलला तेव्हा त्याचा शेठचा आवाज गेला होता.

"तुला माहीत नाय, आई. मी चौथीत होतो. मे महिना, हाउसफुल खेळ होता. मी बाबांना शोधत आत गेलेलो. एक माणूस बाबांशी भांडत होता, आणि त्याने सगळ्यांसमोर बाबांच्या कानाखाली वाजवली. लोक हसले. मला वाटलं आता बाबा त्याला धरतील. काहीच नाय केलं गं त्यांनी. खाली पडलेली बॅटरी उचलली आणि त्यालाच पुढे होऊन सीट दाखवली. मी पळून आलो. त्यानंतर मी कधी त्या टॉकीजमध्ये पाय नाय ठेवला. पोरं विचारायची, बाप काय करतो? मी सांगायचो, मॅनेजर आहे. तेव्हापासून तेच सांगतोय."

आवडाबाई त्याच्याकडे बघत राहिल्या. एवढी वर्षं हा मुलगा ही गोष्ट उराशी धरून बसला होता, हे त्यांना आज कळत होतं.

"मना म्हाईत हाय," त्या म्हणाल्या.

"काय?"

"त्यांनी घरी येऊन सांगलावता. गाल सुजलेला, मी मिठानी शेकला. मी म्हनली, तुमी का नाय मारलीत? तं म्हनले, आवडे, चूक माझी व्हती. त्याचा नंबर पुढचा, मी त्याला मागं बसवलावता. त्यानी मारला ती त्याची चूक. पन खुर्ची त्याची व्हती, ती त्याला द्यायाची का नको?" आवडाबाईंनी पदर सावरला. "दुसऱ्या दिवशी ते परत दारावं उभे ऱ्हायले. त्याच गालानी. मना तं तवा ते लय मोठे वाटले. तू तिथं व्हतास, ते मना आज समजतंय. तवाच बोलला असतास तं मी तुला तवाच सांगला असता."

नयन उठून बाल्कनीत गेला. जेवायला बोलावलं तेव्हा मुकाट्याने येऊन जेवला. विषय पुन्हा निघाला नाही. पण पुढच्या रविवारी आवडाबाई खाली गेल्या नाहीत, आणि त्याच्या पुढच्याही नाही. कुणी अडवलं नव्हतं. दर्शना म्हणाली, "जा ना आई, मी सोडते लिफ्टपर्यंत," तर त्या म्हणाल्या, "नको गो. पाय दुखतान." आणि मेथी निवडत बसल्या.

त्या दुसऱ्या रविवारी बैठक संपल्यावर परब आणि सगुणाताई अकराव्या मजल्यावर आले. दार नयननेच उघडलं. परबांच्या हातात पावाची जाळीदार पिशवी होती, ती कुठे ठेवावी ते त्यांना कळेना.

"आई झोपलीये," नयन म्हणाला. ते खरंही होतं.

"असू दे, असू दे. काम तुमच्याकडेच आहे." परब सोफ्याच्या टोकाशी बसले. "नयनशेठ, तुमच्या वडिलांचा एखादा फोटो मिळेल का?"

"कशाला?"

"आम्ही दर रविवारी एक फोटो लावतो. नटांचे सगळे झाले, आता दुसऱ्यांदा फिरवतोय. पुढच्या रविवारी गोपीनाथरावांचा लावावा असं मनात आहे."

नयनचा चेहरा ताठ झाला. "साहेब, थट्टा पुरे झाली आता."

"थट्टा नाही, बाळ," सगुणाताई म्हणाल्या. पन्नाशीच्या नयनशेठला कुणी बाळ म्हणून बरीच वर्षं झाली होती. "माझे वडील वारले, त्या वर्षी मी एकटीच सिनेमाला जायची. एकटी मुलगी, त्या काळात. एकदा शेजारच्या माणसाने हात लावला. मी काही बोलले नाही, नुसती उठून उभी राहिले. तर डोअरकीपर आला, एक शब्द विचारला नाही, मला भिंतीच्या कडेची खुर्ची दिली, आणि खेळ संपेपर्यंत त्या रांगेच्या तोंडाशी उभा राहिला. मी डोंबिवलीच्या टॉकीजचं सांगतेय हं, ते तुमचे वडील नव्हते. त्या माणसाचं नाव मी कधी विचारलं नाही. तुमच्या आई त्या दिवशी खाली बोलल्या, तेव्हा इतक्या वर्षांनी तो माणूस आठवला. त्याचा फोटो मला कुठून मिळणार? तुमच्याकडे एक असेल."

दर्शनाने चहा आणला, तो दोघांनी घेतला आणि ते गेले. पावाची पिशवी टीपॉयवरच राहिली.

गोपीनाथ भोईरांना जाऊन नऊ वर्षं झाली होती. भिंतीवर हार घातलेला एक फोटो होता, तो स्टुडिओत काढलेला, कोट घालून. कोट स्टुडिओवाल्याचाच. नयनने तो काढून पाहिला आणि परत लावला. मग कपाटातल्या फायली उपसल्या. सात-बाराचे उतारे, करारनामे, जुनी रेशनकार्डं. दुपारभर तो जमिनीवर मांडी घालून बसला होता. शेवटी एका पिवळ्या पाकिटात टॉकीजचा नोकरीचा पास सापडला. त्यावर अंगठ्याएवढा फोटो: खाकी शर्ट, कानात बाळी, सरळ कॅमेऱ्यात बघणारे डोळे. खाली इंग्रजीत नाव आणि हुद्दा. डोअरकीपर.

तो पास घेऊन नयन आईच्या खोलीत गेला. आवडाबाई जाग्या होत्या.

"हा चालेल?" त्याने विचारलं.

त्यांनी पास डोळ्यांजवळ धरला, लांब धरला. "दिसत नाय रं मना एवरा बारीक."

"रविवारी मोठा दिसेल," नयन म्हणाला.

रविवारी क्लबहाउसमध्ये नेहमीपेक्षा जास्त माणसं होती. गाववाले पाच-सहा आले होते, कृतिका आणि दर्शना होत्या. नयन सगळ्यात मागे भिंतीला टेकून उभा होता. परबांनी दिवे घालवले. पडद्यावर गोपीनाथ भोईरांचा चेहरा आला.

एवढा मोठा केल्यामुळे फोटो थोडा फुटला होता, पण डोळे स्वच्छ होते. परब उभे राहिले. "आपल्याकडे नेहमीची पद्धत आहे," ते म्हणाले. "ज्याला जे आठवेल ते सांगावं. मला स्वतःला काही आठवत नाही, हे मी आधीच कबूल केलंय."

मग गाववाल्यांपैकी काळुराम म्हणाला, "गोपीकाका आमाला फुकट नाय सोडायचे बरं का. सख्ख्या पुतन्याला पन नाय. तिकीट काढ म्हनायचे." लोक हसले.

आणि मग मागून नयनचा आवाज आला. "मी नयन. हे माझे वडील. टॉकीजमध्ये डोअरकीपर होते, बावीस वर्षं." घसा खाकरून तो पुढे म्हणाला, "मी चौथीत होतो, तेव्हाची एक गोष्ट सांगतो." आणि त्याने ती सगळी सांगितली. कानाखाली बसली ती, लोक हसले ते, तो स्वतः पळाला ते, आणि बापाने त्या माणसाला त्याची खुर्ची दिली तेही. सांगताना तो दोनदा अडखळला.

आवडाबाईंचं अर्धंच लक्ष त्याच्याकडे होतं. त्या पडद्याकडे बघत होत्या. नवऱ्याच्या उजव्या भुवईच्या टोकाशी एक बारीक तीळ होता. सत्तेचाळीस वर्षांच्या संसारात तो त्यांना कधी दिसला नव्हता. दिवसा ते कामावर, आणि घरी आले की दिवा बारीक. त्या उठल्या. खुर्च्यांच्या पाठी धरत, एकेक पाऊल टाकत, पडद्यापाशी गेल्या आणि मान वर करून तो तीळ बघू लागल्या. गोपीनाथचा अर्धा चेहरा पडद्यावर राहिला आणि अर्धा त्यांच्या हिरव्या लुगड्यावर पडला.

मागच्या माणसांना आता काही नीट दिसत नव्हतं. पण त्यांना बाजूला व्हा, असं कुणी म्हटलं नाही.